दोन दिवसांचं पाणी

गुलशनच्या अब्बांना जालन्याला दवाखान्यात दाखल केल्याचा फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती. तशीच हात धुऊन तिनं शेजारच्या द्वारकाबाईंचं दार वाजवलं.

"मावशी, आम्ही दोघं नवरा-बायको निघालोय. माझ्या गिनिपिगकडं तेवढं बघाल का? रोज बाटलीत ताजं पाणी, आणि कोथिंबीर नाहीतर सिमला मिरची. पिलं आत्ताच झालीत, म्हणून जीव अडकलाय."

"जा गं बाई निवांत. मी हाय की," द्वारकाबाई म्हणाल्या आणि चावी कनवटीला लावली.

द्वारकाबाई दौलताबादकडच्या शेतकरी घरातल्या. मालक गेल्यावर पडेगावात मुलाकडं, बद्रीनाथकडं राहायला आल्या होत्या. तो वाळूजला कंपनीत पाळ्या करायचा. गुलशन त्यांना डॉक्टरकडं न्यायची, मोबाइल लावून द्यायची, ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा त्यांच्याकडं आणायची. तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं. पण ते प्राणी मात्र त्यांच्या लेखी बिनशेपटीचे उंदीरच होते.

सुरुवातीला त्यांनी सगळं नेमानं केलं. मग दौलताबादला भाच्याचं लग्न निघालं. सकाळी हळदीला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असं ठरवून त्या निघाल्या. तिथं बहिणीनं, भागूबाईनं, पदर धरला. "आलीस तशी लग्न लागूस्तोवर ऱ्हा की."

संध्याकाळी पंगतीत बसताना त्यांना पिंजरा आठवला. चावी घरीच खुंटीला होती; बद्रीला फोन करावा, असं मनात आलंही. पण तो म्हणणार, कशाला नसतं अंगावर घेतलंस? 'उंदरंच ती,' त्या स्वतःशीच म्हणाल्या, 'एका दिवसानं काय मरत्यात?' आणि त्यांनी जिलबी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशीही त्या राहिल्या.

परतल्यावर गुलशनचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. एप्रिलचं ऊन बाल्कनीतून थेट पिंजऱ्यावर येत होतं. बाटली कोरडी. आई जाळीला तोंड लावून बसलेली. मोठं पिलू तिच्या पोटाशी ढुशा देत होतं. धाकटं, काळंपांढरं, कोपऱ्यात आडवं पडलेलं. द्वारकाबाईंनी पाणी लावलं. आई पीत राहिली, पीतच राहिली. त्यांनी धाकटं उचललं, तर हातात काही आहे असं वाटेना. नुसती केसाखालची हाडं.

"आगं माय," त्या म्हणाल्या.

फडक्यात गुंडाळून, रिक्षा करून, त्यांनी ते छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी छोट्या काट्यावर ठेवलं. "साठच ग्रॅम! जन्मतानाच यापेक्षा जास्त असतात. पाणी किती वेळ नव्हतं याला?"

"बाटलीत कायतरी अडकलं व्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं नसंल."

इतकं सहज ते तोंडातून निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली पाणी टोचलं, औषधाचे थेंब दिले आणि भरवायचं कसं ते दाखवलं. गिनिपिगचं दाणाखाद्य पाण्यात भिजवून पातळ करायचं, बिनसुईच्या सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं थेंबथेंब द्यायचं, घाई करायची नाही, ठसका लागला तर थांबायचं. बाकीचा वेळ आईजवळच ठेवायचं. आणि रोज वजन करायचं.

वजनाला घरात काटा नव्हता. म्हणून त्या पिलू वाटीत घालून चांदपाशाच्या किराणा दुकानात गेल्या.

"क्या मावशी, आता उंदीर बी तोलून नेता का?" चांदपाशा म्हणाला. गिऱ्हाइकं हसली.

"गुलशनचं हाय. आजारी पडलंय."

चांदपाशाचं हसू गेलं. त्यानं काटा पुसला, वाटीचं वजन वजा करून आकडा सांगितला आणि गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "बघा, याला म्हणतात शेजार. दुसऱ्याच्या जनावरासाठी म्हातारी उन्हात पळतीय. आजकाल कोण करतं?"

हसणं त्यांनी सोसलं होतं. हे मात्र अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. मान खाली घालून त्या घरी आल्या. पण रोज वजन करायचं होतं, त्यामुळं रोज तिथं जावं लागलं आणि रोज ते ऐकावं लागलं.

गुलशनचा फोन यायचा. "सगळी बरी आहेत ना मावशी?"

"बरी हायेत गं. तू अब्बांचं बघ."

एके दुपारी पिलाला मांडीवर घेऊन त्या भरवत होत्या. त्यानं पहिल्यांदाच सिरिंजचं टोक स्वतःहून चाटलं. तेवढ्यात फोन वाजला. अब्बा गेले होते. गुलशन खूप रडली आणि शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्ही होतात म्हणून मला शेवटपर्यंत त्यांच्याजवळ बसता आलं." द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. आता काय सांगायचं? कुठल्या तोंडानं? "रडू नगंस बाळा," एवढंच त्या बोलल्या.

परत आल्यावर गुलशननं आधी पिंजरा पाहिला. "हे एवढं बारीक कसं राहिलं?"

"दूध कमी पडलं त्याला."

सिरिंज, औषधाची बाटली, वाटी बघून गुलशनचे डोळे भरले. तिनं द्वारकाबाईंचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. त्यांना ते हात ओढून घ्यावेसे वाटले.

पिलू दाखवायला दोघी मिळून छावणीत गेल्या. "छान! वजन धरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या आजींची कमाल आहे."

"मावशींनीच वाचवलं," गुलशन म्हणाली.

"नाय वो," द्वारकाबाई एकदम म्हणाल्या. आवाज नको इतका मोठा निघाला. "बाटलीत काय अडकलं नव्हतं. मी लग्नाला गेलते. दोन दिस पाणी नव्हतं त्यास्नी. मला तिथं आठवण बी झाली, तरी मी आले नाय."

डॉक्टरीणबाईंनी पिलू काट्यावरून उचलून गुलशनच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर आईलाही आणायला लावलं असतं. कदाचित तिचं दूध टिकलं असतं."

रिक्षात गुलशन बाहेर बघत होती. पिलू तिच्या ओढणीत होतं. मिटमिट्याकडं जाणारी एक गाडी धूळ उडवत गेली, तेव्हा तिनं ओढणी त्याच्यावर नीट ओढली.

"फोनवर का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"तिथं सगळे विचारायचे, घर कुणाच्या भरवशावर टाकून आलीस. मी तुमचं नाव सांगायचे."



नंतर पिलाला गुलशनच भरवू लागली. भेटली तर बोलायची, पण हाक मारायची नाही. ते पिलू जगलं. भावाएवढं मात्र कधीच झालं नाही.

त्याच दिवसांत अब्बांच्या दुखवट्याला तिच्या घरी नात्यातल्या बाया आल्या, तेव्हा द्वारकाबाईही जाऊन दाराशी बसल्या. कुराण वाचून झालं, चहा फिरला. बाल्कनीतून पिलाची भुकेची शीळ येऊ लागली. गुलशनभोवती बाया होत्या, तिला उठता येईना. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"मावशी, याला तेवढं पाजता का?"

द्वारकाबाई उठल्या. कुणीतरी विचारलं, "हीच का गं ती शेजारीण? जिच्यावर घर सोडलं होतंस?"

"हो, याच," गुलशन म्हणाली.

द्वारकाबाईंनी कुणाकडंही न बघता पिलू पदरात घेतलं आणि सिरिंज त्याच्या तोंडाच्या कडेला लावली.