जांभळाच्या बुंध्यातले गिरमिट

मित्रांनो, मी एक जुने गिरमिट आहे. विजेवर घरघरणारे ड्रिल मशीन तुम्ही पाहिले असेल. मी त्याच्या आधीच्या पिढीतले. खाली पीळदार लोखंडी दांडा, वर सागवानाची आडवी मूठ. दोन्ही हातांनी मूठ धरून फिरवायची आणि अंगातले बळ खाली द्यायचे, की मी लाकडात शिरते. बोटभर रुंदीचे भोक पाडते, एक सूतही इकडेतिकडे नाही. एवढे एकच काम मला येते. ते मी आयुष्यात कधी वाईट केले नाही, आणि माझे दुःख नेमके तेच आहे.

वलसाडच्या बाजारात एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथून मला अनंत सरांनी विकत घेतले. सर मूळचे राजापूरकडचे. सिल्वासाच्या एका शाळेत ते मुलांना सुतारकाम शिकवत. काय त्यांचा तो काटेकोरपणा! भोक पाडले की ते बुजवायला लाकडाची खुंटी करायची, आणि तिची कड घासून गोल केल्याशिवाय ती ठोकायची नाही. ज्याची कड राहिली, त्याच्या बोटांवर पट्टी बसलीच. शेजारच्या मंजुळाबाईंच्या संजूला आठवीत असताना ती दोनदा बसली होती. पण तिसरी खुंटी त्याने अशी केली, की सरांनी ती वर्गभर फिरवली.

मंजुळाबाई धुळ्याकडच्या. त्यांचे यजमान भिका खडोलीच्या कारखान्यात होते. त्यांनी सरांच्या शेजारचा प्लॉट घेतला आणि त्याच वर्षी कुंपणाशी एक जांभूळ लावले. पुढे भिका गेले, जांभूळ वाढत राहिले. दोन अंगणांच्या मध्ये एक लहानसे फाटक होते, तेही सरांनीच केलेले. मंजुळाबाईंना रस्त्यावर जायला ती वाट जवळची. संजूला मुलगी झाली, गुड्डी. ती चालू लागली तेव्हा सरांनी जांभळाला टांगायच्या तिच्या झोपाळ्यासाठी एक फळी रंधून दिली. तिला चार भोके मी पाडली. त्या दिवशी माझ्या पिळात सागाचा भुसा होता आणि गुड्डी टाळ्या पिटत होती. माझे सुखाचे दिवस कोणते म्हणाल, तर ते.

मग सर निवृत्त झाले. अंगणात त्यांनी पांढऱ्या फरशा घातल्या. जांभळाला काय ठाऊक फरशा पांढऱ्या आहेत म्हणून! जूनमध्ये जांभळांचा सडा पडला आणि फरशांवर जांभळे डाग उमटले, ते काही केल्या निघेनात. सर म्हणाले, झाड तोडा. मंजुळाबाई म्हणाल्या, फांद्या छाटू, पण तोडायचं नाही. त्यांचे घर पत्र्याचे. संजू आणि सून दोघे खडोलीला कामावर जात, आणि दुपारी त्या घरात पापड भाजून निघावा अशी आच असे. आजी आणि नात दिवसभर जांभळाखाली बसत. ते झाड म्हणजे त्यांची दुसरी खोलीच होती.

"सर, ह्या पोरीला घेऊन मी जाऊ कुठं? तुम्हीच सांगा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"ते मी कशाला सांगू? झाड माझ्या हद्दीत आहे," सर म्हणाले.

त्यांनी फाटकाला तारेचे वेढे मारून वाट बंद केली आणि मोजणीचा अर्ज दिला. मोजणीवाले आले. सगळी गल्ली बघायला जमली. फीत ताणली गेली, आणि झाड मंजुळाबाईंच्या हद्दीत दीड फूट आत निघाले. कोणीतरी हसले. आयुष्यभर पोरांना माप शिकवणारा माणूस भर गल्लीत दीड फुटाने खोटा ठरला. सर आत गेले. पुढचे दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी संजूने सगळ्यांना वासोण्याच्या अभयारण्यात सिंह दाखवायला नेले. गुड्डी रिक्षातूनच डरकाळ्या फोडत गेली. रिक्षा वळताच सरांनी मला खुंटीवरून काढले. कितीतरी महिन्यांनी मला तेलाचे बोट लागले. मी हरखून गेले, खोटे कशाला सांगू? वाटले, पुन्हा कोणाचा तरी झोपाळा असेल.

सर कुंपणाशी खाली बसले, तारेतून हात घालून त्यांनी बुंध्यालगतची माती उकरली आणि मला ओल्या, जिवंत खोडाला लावले. मी फिरले. मला फिरण्यावाचून दुसरे काय येते? आतून पाणी झिरपले. वाळलेल्या लाकडाचा भुसा कोरडा असतो, हा ओला होता आणि माझ्या अंगाला चिकटत होता. अशी पाच भोके झाली. प्रत्येकात सरांनी खडा हिंग ठेचून भरला, वर खुंट्या ठोकल्या आणि माती सारखी केली. खुंट्या त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या, सगळ्या सारख्या.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी अलकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, हिंग कुठे गेला सगळा? परवाच आणला होता."

सर वर्तमानपत्र वाचत राहिले.

हिंगाने झाड मरते, असे म्हणतात. हे हिंगाने मेले की माझ्या भोकांनी, ते मला माहीत नाही. पण दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली. मंजुळाबाई बुंध्याला शेणखत घालत, बादल्याच्या बादल्या पाणी ओतत. सर खिडकीतून बघत. एकदा तर त्यांनी मानभावीपणे विचारले, "कीड लागली का हो?" मला शरम वाटली. होळीच्या सुमारास झोपाळ्याची फांदी मोडली. चांगली मांडीएवढी जाड होती ती. गुड्डी फळीसकट खाली आली आणि फांदी तिच्या हातावर पडली.

सर्वांत आधी कोण धावले असेल? अनंत सर. तारेचे कुंपण ओलांडताना त्यांचा सदरा फाटला. गुड्डीला उचलून त्यांनीच रिक्षात घातले, दवाखान्यातही तेच बसून राहिले. कोपराचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. डॉक्टर म्हणाले, हात आता पुरता सरळ होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई लांबच्या वाटेने वळसा घालून सरांच्या दारी आल्या. "तुम्ही देवासारखे धावून आले सर. आणि मी मेली झाडासाठी तुमच्याशी भांडली. तेव्हाच तोडलं असतं तर पोरीचा हात शाबूत राहिला असता." असे म्हणून त्या सरांच्या पाया पडल्या. सरांनी पडू दिले. मी समोरच्या भिंतीवर होते. मित्रांनो, मला त्या क्षणी दांड्यापासून तुटून पडावेसे वाटले.

रविवारी संजूने झाड तोडायला घेतले. बुडाशी करवत लागली आणि मंजुळाबाई ओट्यावरून उठून आल्या. "हिंगाचा वास कुठून येतोय रे?" संजूने माती बाजूला केली. एक खुंटी दिसली. त्याने ती पक्कडीने उपटली, तळहातावर घेतली, अंगठ्याने तिची कड चाचपली. कड गोल होती.

तो वळसा घालून सरांकडे आला. त्याचा आवाज वर्गात असायचा तसाच खालचा. "सर, जरा गिरमिट देता का? अर्जंट काम आहे."

सरांनी खुंटी आवळलेल्या त्याच्या मुठीकडे पाहिले. मग मला काढून त्याच्या हातात ठेवले.

संजूने मला त्या भोकात बसवले. जोर लावावाच लागला नाही, मी अलगद आत गेले. भोक माझेच होते ना! हाताला प्लॅस्टर बांधलेली गुड्डी जवळ आली आणि तिने चांगल्या हाताने माझी मूठ धरली. मंजुळाबाईंनी तिला मागे ओढले.

"हात नको लावू त्याला. ऱ्हाऊ दे तिथंच. ज्याचं आहे, तो येऊन घेऊन जाईल."

तेव्हापासून मी या थोटक्या बुंध्यात उभे आहे. सरांच्या दारातून मी समोरच दिसते. मला न्यायचे तर त्यांना फाटकाची तार स्वतःच्या हाताने सोडवावी लागेल, नाहीतर वळसा घालून मंजुळाबाईंच्या दारातून यावे लागेल, गल्लीच्या देखत. एक वर्ष झाले, ते आलेले नाहीत. पुढचे दार ते आता उघडतच नाहीत. माझी मूठ चिरली आहे, पीळ गंजला आहे. गुड्डी डाव्या हाताने लिहायला शिकते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने हत्यार असेल तर त्याला तेलाचे बोट लावत जा, ओलीत टाकू नका. आणि एक गोष्ट आणखी मागते. ते खुंटीवरून कोणी काढले, तर कशासाठी काढले हे विचारा. आम्हाला विचारता येत नाही. अलकाबाईंनी त्या संध्याकाळी विचारले होते, हिंग कुठे गेला म्हणून. उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी भाजी बिनहिंगाची फोडणीला टाकली आणि पुन्हा विचारले नाही.