ऑर्व्हिल टेसारचा बिगुल

वाऱ्याची दिशा बदलली तसा मिलो कुचेरा सीडरच्या रांगेमागे दोन झाडं डावीकडे सरकला. तिथून सूर वाऱ्याबरोबर कबरीपर्यंत पोचायचा, कबर नीट दिसायची आणि तो मात्र कुणाला दिसायचा नाही. ट्रम्पेटचा माउथपीस त्यानं मुठीत धरून गरम केला. पलीकडे टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांनी आकाशात तीन फैरी झाडल्या. मग ऑर्व्हिल टेसार एक पाऊल पुढे आला, पांढऱ्या हातमोज्यातला चकचकीत बिगुल त्यानं ओठांना लावला, आणि मिलोनं झाडांमागून पहिला सूर सोडला.

सगळे ऑर्व्हिलकडे बघत होते. सैनिकाच्या निरोपाची धून संपली, तरी ऑर्व्हिलनं बिगुल लगेच खाली घेतला नाही. मग शवपेटीवरच्या झेंड्याची त्रिकोणी घडी झाली आणि ती मृताच्या मुलीच्या हातात गेली. मिलोनं ट्रम्पेट पेटीत ठेवलं आणि मागच्या कच्च्या रस्त्यानं तो चर्चकडे निघाला. तो रस्ता त्याचाच होता. काउंटीच्या ग्रेडरवर बसून तो सपाट करायचं काम मिलो वीस वर्षांहून जास्त काळ करत होता.

चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड आणि कोलाचे नावाचे खसखस भरलेले गोड पाव मांडले होते. मृताची मुलगी ऑर्व्हिलचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबांना फार सुंदर निरोप दिलात हो. असं वाजवणारं आता कोण राहिलंय?"

"फुफ्फुसं आहेत तोवर वाजवायचं, बाई," ऑर्व्हिल म्हणाला. ती गेल्यावर तो ताटली घेऊन मिलोशेजारी येऊन बसला. "काय रे, आज वरचा सूर किती लांबवलास! जीव जायची वेळ आली माझी."

"तू कुठे फुंकत होतास?"

"नाटकाला पण दम लागतो, बाबा. तू वाजवून मोकळा होतोस. चेहरा मला ठेवावा लागतो."

मिलो हसला. बायकोनं, आयरीननं मात्र त्या रात्री विचारलं, "आजही त्यालाच शाबासकी?" तिनं हे विचारायचं आणि त्यानं ट्रम्पेट पुसत बसायचं, असं आता ठरूनच गेलं होतं.

हे सुरू झालं एका जानेवारीत. नेब्रास्काच्या त्या भागात धून वाजवणारा माणूस मिळणं कधीच बंद झालं होतं, म्हणून माजी सैनिकांच्या संघटनेनं बिगुलात बसवायचं एक यंत्र आणलं होतं. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचा, धून आपोआप वाजते. हे काम ऑर्व्हिलकडे होतं, कारण तो उंच होता आणि गणवेश त्याला शोभायचा. त्या दिवशी थंडीनं बॅटरीनं मान टाकली आणि धून अर्ध्यावर तुटली. बिगुल तोंडाला लावून ऑर्व्हिल तसाच उभा. मिलो दफनभूमीचा रस्ता मोकळा करायला ग्रेडर घेऊन आला होता. आदल्या रात्री एका लग्नात पोल्का वाजवून आल्यामुळे ट्रम्पेट केबिनमध्येच होतं. तो खाली उतरला आणि ग्रेडरच्या आडून, जिथे सूर तुटला होता तिथूनच त्यानं पुढे उचलला. कुणाला काही कळलं नाही. विधवा ऑर्व्हिलच्या गळ्यात पडून रडली.

ऑर्व्हिलकडून सगळं कळल्यावर दुसऱ्या दिवशी संघटनेचा कमांडर हार्लन ब्रँट ग्रेडरच्या शेडमध्ये आला. हार्लन टपाल खात्यातून निवृत्त झाला होता आणि त्याच्या टोपीवर कधी धुळीचा कण दिसला नव्हता.

"तू पण फौजेत होतास ना?"

"होतो. कॅन्ससमध्ये. गाड्यांच्या दुरुस्तीला."

"मग आमच्यात ये. गणवेश देतो, रांगेत उभा राहा. सेवामुक्तीचा दाखला तेवढा आण."

शुक्रवारी हॉलमध्ये मासे तळायचा बेत असायचा, निम्मं गाव तिथे. मिलोनं दाखला तिथेच नेऊन दिला. हार्लननं चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यानं आवाज खाली आणला, तरी शेजारच्या दोन टेबलांवरच्या सुऱ्या-काटे थांबले.

"मिलो, हा दाखला सन्मानपूर्वक सेवामुक्तीचा नाही."

"तो कागद जुना आहे. सहा महिन्यांनी आपोआप सुधारतं ना. तिकडे वॉशिंग्टनला नोंद बदललेली असणार."

हार्लननं चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

"निघताना कारकून म्हणाला. सगळेच म्हणायचे."

"सगळेच म्हणतात," हार्लन म्हणाला. "माझ्या तुकडीतपण म्हणायचे. तसं काही नसतं रे. आपण अर्ज केल्याशिवाय एक अक्षर बदलत नाही."

फौज सोडून तीस वर्षं उलटली होती, मिलोची पन्नाशी आली होती. एवढी वर्षं ज्या गोष्टीवर तो निर्धास्त होता ती झालीच नव्हती. घरी आल्यावर त्याला सगळ्यात आधी आठवले ते वडील. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. मुलगा मुदतीआधी घरी आला तेव्हा ते ओरडले नाहीत. फक्त सहा महिने झाल्यावर एकदा गोठ्यात, गायीच्या आचळांवरचे हात न थांबवता त्यांनी विचारलं होतं, "आलं का काही पत्र?" मिलो म्हणाला होता, "पत्र येत नाही, बाबा. आपोआप होतं." वडिलांनी मान हलवली. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, आणि त्यांच्या दफनाच्या वेळी फैरी झाडणाऱ्या रांगेकडे बघताना मिलोच्या मनात आलं होतं की आपल्याही वेळी हे असेच येतील.

नियमाप्रमाणे त्याला रांगेत घेता येत नव्हतं. पण गावाला आता यंत्र चालेना. लोक सांगून जायचे, टेसारच हवा, त्या दिवशीसारखंच हवं. हार्लननं दोन आठवडे विचार केला आणि म्हणाला, "झाडांमागे कोण उभं राहतं, त्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही." असा मिलो सीडरमागे गेला. तीन वर्षं तो तिथे होता.

अर्ज करायला त्याला लावलं ते ऑर्व्हिलनंच. "मला बहात्तरावं लागलंय. एक दिवस मी त्या पेटीत असणार. तेव्हाही झाडामागून वाजवशील काय, चोरासारखा? मला समोर हवायस तू. हार्लनच्या शेजारी, टोपी घालून."

काउंटीत माजी सैनिकांची कामं बघायला मार्लिस नावाची बाई होती. ती स्वतः नौदलात राहून आलेली, टेबलावर कायम सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. तिनं आधीच सांगितलं, "पंधरा वर्षांच्या आत आला असतात तर सोपं होतं. आता वरच्या बोर्डाकडे जावं लागेल. ते बोलावत नाहीत, कागदावरच ठरवतात. म्हणून कागदात जीव पाहिजे. का उशिरा जायचात छावणीत?"

"लग्नं असायची."

"कुणाची?"

"कुणाचीही. काकाचा पोल्का बँड होता. त्याचा ट्रम्पेटवाला वारला. शनिवारी सुटी मिळाली की मी चार तास गाडी हाणून यायचो. वाजवायचो. सोमवारी हजेरीला पोचायचो नाही."

"किती वेळा झालं?"

"तीनदा लेखी ताकीद मिळाली. चौथ्यांदा गुरुवारी उगवलो."

मार्लिसनं बी फोडली. "वडील आजारी होते वगैरे काही? घरची अडचण? बोर्डाला कारण लागतं."

"वडील ठणठणीत होते."

"तुमच्यावर कुणी अन्याय केला? सार्जंट खार खाऊन होता?"

"भला माणूस होता. दोनदा त्यानं मला सांभाळून घेतलं."

"मिस्टर कुचेरा, मला काहीतरी द्या हो लिहायला."

मिलोनं खिडकीबाहेर बघितलं. "घड्याळ समोर भिंतीवर असायचं. मला कळायचं, आता निघालो तर पोचतो. आणि कुणीतरी ओरडायचं, अजून एक होऊन जाऊ दे. मी वाजवायचो. लोक नाचत असताना मला थांबता येत नसे. एवढंच आहे. एकवीस वर्षांचा होतो, पण कळत होतं."

मार्लिसनं बियांची पिशवी बाजूला सारली आणि टंकायला घेतलं. "हेच लिहू," ती म्हणाली. "असंच्या असं."

सोबत गावातल्या लोकांची पत्रं जोडायची होती. पाद्र्यानं दिलं, काउंटीच्या रस्ते विभागानं दिलं. ऑर्व्हिलनं दिलेलं पत्र मार्लिसनं मिलोला वाचून दाखवलं, कारण तिला स्वतःला राहवेना. त्याची सुरुवात अशी होती: "मी या काउंटीतला सगळ्यात नावाजलेला बिगुलवाला आहे आणि मला बिगुल वाजवता येत नाही." पुढे त्यानं सगळं लिहिलं होतं. ज्यांनी त्याचे हात हातात घेतले त्या बायकांबद्दलही. शेवटी लिहिलं होतं, "मला मिळालेली शाबासकी परत करता आली तर बरं होईल, पण ती कुणाकडे परत करायची ते मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला लिहीत आहे."

त्याच पानाखाली हार्लनच्या रेखीव अक्षरात दोन ओळी होत्या. "संघटनेचा नियम योग्य आहे आणि मी तो पाळतो. पण या माणसाला पाठमोरं जाताना बघून मला दर वेळी लाज वाटते."

मिलो म्हणाला, "हार्लन असं बोलला नाही कधी."

"लिहिलंय ना पण," मार्लिस म्हणाली.

मग वाट बघणं सुरू झालं. एक हिवाळा गेला, मक्याचं एक पीक निघालं. मिलो झाडांमागून वाजवत राहिला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या वरच्या हिरडीत गळू झालं. काउंटीचं काम सोडून दंतवैद्याकडे जायला त्यानं एवढा उशीर केला की समोरचे दात वाचले नाहीत. कवळी बसवली. दंतवैद्य म्हणाला, जेवता येईल, बोलता येईल. ट्रम्पेटचं विचारल्यावर तो म्हणाला, खूप सराव केला तर काही वर्षांनी थोडंफार.

मिलोनं घरामागच्या शेडमध्ये जाऊन वाजवून पाहिलं. खालचे सूर कसेबसे निघाले. वरचा निघालाच नाही. आयरीन दारात उभी होती. ती म्हणाली, "चल, जेवायला चल."

मार्चमध्ये बोर्डाचं पाकीट आलं. आयरीननंच फोडलं, कारण त्याचे हात ग्रीसनं भरले होते. ती भराभर वाचत गेली आणि मध्येच थांबली. "दिलाय," ती म्हणाली. "सन्मानपूर्वक. पूर्ण. मिलो, त्यांनी पूर्ण दिलाय!"

त्यानं हात चिंधीला पुसले. मग तो सिंकपाशी गेला, साबण लावून हात पुन्हा धुतले, आणि कागद घेतला. "बाबा असते तर," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

ऑर्व्हिल तेव्हा वृद्धांच्या शुश्रूषागृहात होता. त्याच्या नाकात नळ्या होत्या. मिलोनं कागद त्याच्या चष्म्यासमोर धरला. ऑर्व्हिलनं वाचला, पलंगावर थाप मारली आणि म्हणाला, "आता समोर उभा राहा बघू माझ्या!"

"ऑर्व्ही, मला आता वाजवता येत नाही. दात गेले."

आधी ऑर्व्हिलला कळलं नाही. कळल्यावर तो हसायला लागला, खोकेपर्यंत हसला. त्याची बायको लोरेटा पाणी घेऊन धावली. "म्हणजे झालास की माझ्यासारखा!" तो म्हणाला. हसू ओसरल्यावर तो छताकडे बघत राहिला. "मग मला कोण वाजवणार?"

"यंत्र."

"हं." त्यानं नाकातल्या नळ्या सारख्या केल्या. "ऐक, मग नीट कर. बटण दाबल्यावर लगेच वाजत नाही. तेवढ्यात छाती भरून घ्यायची, लोक छातीकडे बघतात. गाल फुगवायचे नाहीत, ते खोटं दिसतं. आणि धून संपली की घाईनं खाली घ्यायचा नाही. सूर माणसांपर्यंत पोचून विरायला वेळ लागतो." त्यानं डोळे मिटले. "बॅटरी नवी घाल."

एप्रिलमध्ये ऑर्व्हिलला पुरलं. मिलोला ऑर्व्हिलचाच कोट दिला होता, बाह्या आयरीननं आखूड केल्या होत्या. हार्लननं रांग लावताना त्याला स्वतःच्या उजव्या हाताला उभं केलं आणि त्याची टोपी अर्धं बोट सरळ केली. फैरी झडल्या. मिलो एक पाऊल पुढे गेला, बटण दाबलं आणि छाती भरून घेतली.

धून स्वच्छ होती, कुठेही न चिरकणारी. मिलोनं जिथे श्वास घेतला असता तिथेच त्याची छाती भरत गेली. फक्त वरच्या सुरावर ते यंत्र थांबलं नाही. तो सूर त्यानं नेहमी लांबवला होता, यंत्र साधं पुढे निघून गेलं. धून संपली तेव्हा तो ठरल्याप्रमाणे थांबला आणि मग बिगुल खाली घेतला.

झेंड्याची घडी छातीशी धरून लोरेटा रांगेजवळ आली. मागे गावची माणसं उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, तिनं सगळी वर्षं ते पोटात ठेवलं होतं. तिनं त्याचा हातमोज्यातला हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सुंदर वाजवलंस, मिलो."

"फुफ्फुसं आहेत तोवर वाजवायचं, लोरेटा," तो म्हणाला.

लोरेटा हसली.

लोक गाड्यांकडे निघाले. दोघे जण गवतातली रिकामी काडतुसं वेचत होते. मिलो बिगुल काखेत धरून पलीकडच्या सीडरच्या रांगेकडे बघत उभा होता. हार्लन शेजारी आला.

"काय बघतोस?"

"वारा बदललाय," मिलो म्हणाला. "आता दोन झाडं डावीकडे सरकायला हवं होतं."