उस्तादांचा हात

भट्टीतून काढलेलं पातं निवता निवता टिक् करून वाजलं आणि कडेचा पांढरा थर खपलीसारखा उडाला. बाईंनी ती खपली चिमट्याने उचलून ताटलीत ठेवली. दुसऱ्या पात्याचीही तीच गत झाली.

विमानांच्या इंजिनातल्या पात्यांना उष्णतेपासून जपणारा सिरॅमिकचा थर त्या कारखान्यात चढवत. तपासणी बाईंकडे होती. पातं तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. थर टिकला तरच माल पुढे जाई. यंत्राला जमत नाहीत अशा वाकड्यातिकड्या पात्यांवर थर फवारायचे ते उस्ताद, म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचं काम परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि आजची ही पाती त्यांचीच होती.

बाईंनी पातं कापलं, घासून आरशासारखं केलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. सिरॅमिकमधून हवा आत शिरतेच. खाली आधी फवारलेल्या धातूच्या अस्तरावर तिच्यामुळे पातळ गंज धरतो, आणि तो सगळीकडे सारखा असला तर तोच राखण करतो. इथे तो कुठे दोऱ्याएवढा, तर कुठे गाठी आल्यासारखा माजला होता, कारण मुळात अस्तरच सारखं बसलं नव्हतं. जाड, विरळ, पुन्हा जाड. फवारणारा हात हलला होता.

घरी पेपर वाचताना उस्तादांच्या हातातला कागद थरथरायचा. शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागायचा. "हात अवघडलाय जरा," ते म्हणायचे आणि बाई मान डोलवायच्या.

तेवढ्यात साहेब डोकावले. ताटलीतल्या खपल्या बघून त्यांचा चेहरा उतरला.

"भट्टी जास्त तापली असेल हो," ते म्हणाले. "तसंच लिहा आणि पुन्हा लावा चाचणी. उस्तादांच्या कामात खोट निघेल होय?"

साहेब मनाचे वाईट नव्हते. बाईंना क्षणभर वाटलं, लिहून टाकावं.

"भट्टी ठीक होती, साहेब," त्या म्हणाल्या. "मला थोडा वेळ द्या."

त्यांनी उस्तादांना बोलावून घेतलं. काही न सांगता खुर्ची पुढे सरकवली. उस्ताद वाकून मायक्रोस्कोपमधून बघू लागले. नीट दिसावं म्हणून त्यांनी बाजूची चकती फिरवायला घेतली, तर ती एका जागी ठरेना. त्यांनी हात खिशात घातला.

"माझंच ना?"

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही डाव्या हाताने दाढी करायला लागलात तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

उस्तादांनी ताटली जवळ ओढली. "साहेब काय म्हणतात?"

"भट्टीवर ढकलून द्या म्हणतात."

"भट्टीने काय कुणाचं घोडं मारलंय?" ते हसल्यासारखं करून म्हणाले. मग हळू आवाजात, "अगं, त्या इंजिनांच्या भरवशावर माणसं डोळे मिटून झोपतात. खरं काय ते लिही. फवारणीत खोट आहे म्हणून लिही. साहेबांना मी सांगतो."

"लिहिते. पण डॉक्टरकडे यायचं."

"येईन."

ते परत गेले. फवाऱ्याच्या बंदुकीचं तोंड त्यांनी स्वच्छ केलं, नळी गुंडाळली, आणि मग साहेबांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. त्या दुपारी फवारणीच्या खोलीतून एरवी ऐकू येणारी घरघर आली नाही. बाईंनी लिहायचं ते लिहिलं. खाली सही करताना त्यांनी आपलं नाव नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाई चहा ओतत होत्या. उस्ताद टेबलाशी बसले होते.

"अर्धाच भर," ते म्हणाले. "पूर्ण भरला की सांडतो."

बाईंनी अर्धा कप भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि सावकाश संपवला. मग बाईंनी राहिलेला चहा त्यात ओतला.