इस्त्री झालेली पावती

मी एक पावती बोलतेय. दचकू नका, वसुलीला आले नाही. आणि "ही कसली पावती, हा तर काळा कागद!" असंही म्हणू नका. या काळेपणाचीच तर गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म अन्न साहाय्य कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीत झाला. खिडकीतल्या बाईंनी बटण दाबलं, एका लहानशा यंत्राने करकर केली आणि मी बाहेर आले. गुळगुळीत, पांढरी, तळहाताएवढी, अंगात अजून ऊब असलेली. माझ्या जातीच्या कागदाला शाई लागत नाही. यंत्राचा चटका जिथे लागेल तिथे आमचं अंग काळं पडतं, तेच आमचं अक्षर. एवढं लक्षात ठेवा, कारण मी ज्या घरात गेले तिथे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझ्यावर तारीख होती, 'अर्ज मिळाला' एवढे दोन शब्द होते आणि खाली अकरा आकड्यांचा प्रकरण क्रमांक.

"फोन लावून स्थिती विचारत जा. ही जपून ठेवा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "चला, पुढचे!"

मला उचलणारा हात डावा होता. उजव्याला पट्टी होती. एकोणीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करणारी ती बाई. वाफेच्या यंत्रात तळहात भाजला आणि "हात बरा झाला की बघू" असं सांगून तिला घरी बसवलं होतं. घरी दोन मुली. थोरली कॉलेजात, धाकटी शाळेत. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्यांच्या एका खोलीत मला पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला टोचलं. जागा मानाची होती. पण तिथून डब्याच्या आतलं सगळं दिसायचं. वाटीने पीठ घेताना आधी मऊ आवाज येई, मग महिनाभरात वाटी तळाला खरखरायला लागली.

रोज संध्याकाळी मला खाली काढत. आई आकडे वाचायची, थोरली बटणांच्या फोनवर ते दाबायची. आईची वाचायची रीत ठरलेली होती, तीन-तीन आकडे एका दमात, मध्ये श्वास. मग फोनमधून एक गोड आवाज बोलायचा, "आपले प्रकरण प्रलंबित आहे. धन्यवाद."

"धन्यवाद कशाबद्दल म्हणते गं ही?" धाकटी विचारायची.

"आपण थांबलोय म्हणून," आई म्हणायची.

प्रलंबित. त्या घरात या एका शब्दाचे किती अर्थ लावले गेले! थोरलीला वाटायचं, फॉर्म भरताना आपलंच काहीतरी चुकलं. आईला वाटायचं, साहेब सुट्टीवर असतील. खिडकीत जाऊन कुणी विचारलं नाही. थोरली दोनदा रांगेत उभी राहिली होती म्हणे. पुढे एकच माणूस उरला की ती "विसरलेच काहीतरी" असं पुटपुटत रांगेतून बाहेर पडायची. मोठमोठी पुस्तकं वाचणारी मुलगी, पण काचेपलीकडच्या माणसाला एक प्रश्न विचारायची तिला धास्ती.

जेवायला बसताना आई दोनच ताटं घ्यायची.

"तुझं?"

"मी मघाशीच खाल्लं."

"मघाशी कधी?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा. चला, गार होतंय."

मी चोवीस तास डब्यावर. तिने मघाशी काही खाल्लेलं नव्हतं.

अशात शेजारचे न्हावीकाका डोकावले. त्यांना सगळे 'वकील' म्हणत, कारण दाढी करता करता ते जगातल्या कुठल्याही खटल्याचा निकाल लावत.

"प्रलंबित म्हणजे काय सांगू?" काका म्हणाले. "तुमची फाइल ढिगाच्या तळाशी गेली. आता ती वर यायची नाही. नवा अर्ज टाका, तो वर पडतो! साधा हिशोब आहे."

"पण काका, पहिला आहे ना अजून..."

"असू दे की! दोन गळ टाकले तर मासा लवकर लागतो."

थोरलीला ते पटलं, कारण नवा अर्ज पेटीत टाकायचा असतो. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

आठवड्याने दुसरी पावती टपालाने आली आणि खिळ्यावर माझ्या शेजारी बसली. त्या संध्याकाळी त्यांनी आधी माझा क्रमांक लावला. गोड आवाज म्हणाला, "आपले प्रकरण बंद करण्यात आले आहे. धन्यवाद."

थोरलीच्या हातातून फोन निसटला. "आई, नाकारलं! आपल्याला नाकारलं!" तिने मला खिळ्यावरून ओढलं आणि मुठीत चुरगळलं. आईने मला उचललं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. त्या घरात वाया काहीच जात नसे.

टेबलाखालून मला फक्त पावलं दिसत. दुसरी पावतीही महिन्याभरात 'बंद' झाली, कारण घाबरून तिसरा अर्ज टाकला गेला होता. वर वाटी खरखरायची, आणि मग एक दिवस वाटीचा आवाजच आला नाही.

त्या दिवशी धाकटी म्हणाली, "मी पण मघाशीच खाल्लं."

थोरलीची पावलं जागच्या जागी थबकली. मग तिने चपला घातल्या आणि ती गेली.

परत आली ती रडत आणि धापा टाकत. या वेळी तिने रांग सोडली नव्हती.

"आई, मीच केलं सगळं! नवा अर्ज आला की जुना आपोआप बंद होतो. नाकारलं नव्हतं आपल्याला! पहिला अर्ज पूर्ण होता. फक्त घर बघायला माणूस यायचा राहिला होता, म्हणून प्रलंबित. पुढच्या आठवड्यात येणारच होता तो. आणि मी..."

"आता?"

"पहिलाच अर्ज पुन्हा उघडता येतो, पण बंद झाल्यापासून साठ दिवसांच्या आत. उद्या शेवटचा दिवस. नावाने शोधलं तर फक्त नवा सापडतो, जुन्याला क्रमांकच लागतो. नाहीतर तिसऱ्याची रांग. अजून दीड महिना, आई."

टेबल उचललं गेलं. दोन महिन्यांनी मी उजेड पाहिला. मी मळले होते, चुरगळले होते, पण अकराच्या अकरा आकडे शाबूत होते! थोरलीने मला छातीशी धरलं, टेबलावर ठेवलं आणि ती तोंड धुवायला गेली.

आई माझ्याकडे बघत उभी राहिली. "असा बोळा घेऊन जायचं होय त्या काचेपुढे?" ती स्वतःशीच म्हणाली. "एकोणीस वर्षांत या हातून चुरगळलेलं काही बाहेर गेलं नाही."

आणि तिने इस्त्री तापवली.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. तिने माझ्यावर रुमाल पसरला, इस्त्री मंद ठेवली, सगळं अगदी रीतसर केलं. उजवा हात बरा असता तर झरकन फिरला असता. डावा सावकाश फिरला. प्रत्येक सुरकुतीवर थांबत, मायेने. रुमाल उचलला तेव्हा मी दुमड नसलेली, कडक, सरळ झाले होते. आणि काळीकुट्ट.

थोरली दारात उभी होती, तोंडावरून पाणी निथळत. ती किंचाळली नाही. खाली बसली फक्त.

"मला वाटलं नीट करावी..." आई म्हणाली. इस्त्री तिच्या हातात तशीच होती.

"माहीत आहे गं," थोरली म्हणाली. "मलापण तेच वाटलं होतं. दोन्ही वेळा."

सकाळी दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. बाईंनी मला उलटसुलट केलं, उजेडात धरलं. "हे काय? जळालं?"

"इस्त्री केली," आई म्हणाली.

"पावतीला?" बाईंनी चष्मा काढला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "आता क्रमांक कुठून आणू मी?"

"लिहा," आई म्हणाली.

"काय लिहू?"

"नंबर. चादरींच्या काठावरचे नंबर वाचण्यात जन्म गेला बाई माझा. चादर हरवली की नंबरच विचारतात." तिने डोळे मिटले. डावा हात काचेपुढच्या फळीवर सावकाश फिरू लागला. "चार शून्य सात. तीन एक आठ. सहा पाच दोन."

आणि ती थांबली.

"नऊच झाले. अजून दोन हवेत."

आईचा हात फळीवर फिरत राहिला. धुलाईखान्यातले नंबर तीन-तीनचेच असत. उरलेली जोडी तिच्या कुठल्याच खणात बसली नव्हती. "होते गं... शेवटी होते दोन..."

मी बाईंच्या हातात होते. ते दोन आकडे माझ्याच अंगात होते, काळोखात काळोख होऊन.

थोरलीने आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. रोज संध्याकाळी आई म्हणेल तसा तो अंगठा फिरला होता. तिने तो हवेत धरला. "आई, पुन्हा म्हण. संध्याकाळी म्हणतेस तसं."

"चार शून्य सात, तीन एक आठ, सहा पाच दोन..."

अंगठा फिरत गेला, आणि आईचा आवाज थांबला तरी तो थांबला नाही. तळाच्या ओळीत मधोमध. मग वर, पहिल्या कोपऱ्यात.

"शून्य, एक," थोरली म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बाईंनी टंकलं. आईचं नाव उमटलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या, आणि काचेखालून मला परत सरकवताना पहिल्यांदाच नीट मान वर केली. "पुढच्या वेळी कळलं नाही तर विचारा हो. ओरडत नाही मी."

घर बघायला माणूस आला. त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. पुढच्या आठवड्यात गोड आवाज म्हणाला, "आपले प्रकरण मंजूर झाले आहे. धन्यवाद." तिघींनी फोन तीनदा लावून ऐकलं. तरी थोरली दुसऱ्या दिवशी खिडकीत गेलीच. मंजूर म्हणजे नक्की काय, धान्य कधीपासून, कुठे, सगळं विचारून आली. आता शेजारणीही आपापल्या पावत्या घेऊन तिच्याकडे येतात. न्हावीकाकासुद्धा आले होते, मान खाली घालून.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. आता माझ्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. कुणी विचारलंच तर मी एवढंच म्हणेन की बाबांनो, शब्द कळला नाही तर घरात बसून त्याला घाबरू नका. काचेवर टकटक करा.

खालच्या डब्यातून पुन्हा मऊ आवाज येतो. काल संध्याकाळी आई नेहमीच्या सवयीने दोनच ताटं घेऊन बसली. धाकटी उठली आणि तिने तिसरं आणून तिच्यापुढे ठेवलं. भाजलेल्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत, म्हणून आईने डाव्या हाताने पहिला घास घेतला. मी वरून पाहिलं.