अकरा जोड रेघा

लाल कापडी पाठीची, आलूबोंड्याच्या तेलाचे डाग पडलेली ही जुनी नोंदवही तुम्हाला दिसते ना, मित्रांनो? ती मी. आपल्या भागातल्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्यांचे एक मंडळ अहेरीत आहे. त्या माजी विद्यार्थी मंडळाची मी हजेरीवही. माझ्या पोटात दोनशे पाने आहेत. त्यातल्या सत्ताविसाव्या पानाने एक जीव घेतला. तेवढे सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म बल्लारपूरचा. एका लहानशा छापखान्यात रुखमाबाईने खळ लावून माझी पाठ शिवली. "घे बाई, आता दहा वर्षं उसवत नाई तू," असे म्हणून तिने मला थोपटले. तिने शब्द पाळला. मी अजून उसवलेली नाही. उसवले ते दुसरेच.

मंडळ वर्षातून तीनदा जमायचे. संक्रांतीनंतर वनभोजन, उन्हाळ्यात गुणवंतांचा सत्कार आणि दिवाळी झाली की मोठे स्नेहमिलन. दाराशी टेबल, टेबलावर मी, दोरीने बांधलेला पेन आणि शेजारी जेवणाची कुपने. माझ्यात नाव लिहिल्याशिवाय कुपन मिळत नसे. त्यामुळे माणसे मला नेहमी उपाशीपोटीच भेटली. उपाशी माणसाचे अक्षर कसे असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? कोणी नावाआधी 'माजी उपसरपंच' लिहून दोन ओळी अडवी. कोणी मोबाइलचे नऊच आकडे लिहून पळे. एकाने तर तीन वर्षे आपल्या नावाखाली बायकोचे नाव लिहिले, कारण तिचे कुपनही त्यालाच हवे असे.

या गर्दीत मला जीव लावला तो एकट्या दिव्यानीने. ती मुलचेऱ्याच्या शाळेत शिकवायची आणि मंडळाची चिटणीस होती. पट्टी घेऊन ती माझे रकाने आखायची. नाव, वर्ष, तालुका, मोबाइल. एका स्नेहमिलनाच्या आधी तिने पाचवा रकाना आखला : रक्तगट.

अध्यक्ष धनराजभाऊ म्हणाले, "हे काऊन वाढवलं वं? आधीच लाइन लांबते."

"भाऊ, नुसतं जेवून काय उठता? आडल्या-नडल्याले कामी येईन," दिव्यानी म्हणाली.

आणि सत्ताविसाव्या पानावर सगळ्यात वर तिनेच लिहिले. जपून, पेन दाबून. तालुका मुलचेरा. रक्तगट ओ निगेटिव्ह.

तिच्यामागे मुलचेऱ्याच्याच अकरा जणांची रांग होती. ते सगळे एकाच गाडीने आले होते. आत रस्सा उकळत होता आणि त्याचा वास थेट टेबलापर्यंत येत होता. दुसरा आला तो गोपाल. त्याने नाव लिहिले. तालुका तोच, म्हणून 'वरीलप्रमाणे' अशा दोन बारीक रेघा मारल्या. मोबाइल लिहिला. पुढच्या रकान्यात हात तसाच घसरला आणि पुन्हा दोन रेघा. त्याच्यामागच्याने गोपालचे पाहून केले. त्याच्यामागच्याने त्याचे. अकरा माणसे, अकरा जोड रेघा. एकाचाही पेन त्या रकान्यात क्षणभर थबकला नाही. मला ते जाणवले होते. पण टेबलावर निजलेल्या वहीला कोण विचारतो?

दुपारी धनराजभाऊंनी मला मंचावर उंच धरले. "ओ निगेटिव्ह लाखात शोधा लागते म्हणतेत. आपल्या मंडळात बारा हायेत, बारा! आख्ख्या जिल्ह्यात असं मंडळ दाखवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या अकरांनीही वाजवल्या. आपण आपल्यासाठीच वाजवतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले की नाही, देव जाणे.

पुढच्या पावसाळ्यात दिव्यानीला दिवस गेलेले होते. अहेरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावले होते, "तुझं रक्त कमी आहे आणि गट दुर्मीळ. इथे एक पिशवी मिळाली तर नशीब. पंधरा दिवस आधीच चंद्रपूरला जाऊन राहा." तिचा नवरा प्रफुल तयार होता. त्याने तिकडे खोलीही पाहून ठेवली होती. जाण्याआधी दोघे धनराजभाऊंना सांगायला आले, तेव्हा भाऊंनी मला कपाटातून काढले आणि सत्ताविसावे पान उघडले.

"हे पाह्य ना, तुह्या खाली अकरा. फोन केला का धावत येतीन. मंग मंडळ कायले हाय?"

प्रफुल म्हणाला, "भाऊ, एकदा फोन करून विचारून घ्याचं का?"

"अरे, लोकायनं आपल्या हातानं लिवलं हाय. संशय घेतं का?"

दिव्यानीने त्या रेघांवरून बोट फिरवले. ते बोट मला अजून आठवते. "अकरा लोकं असल्यावर मी तिकडं काऊन जाऊ?" ती हसून म्हणाली. "इथी माय हाय माही."

ती राहिली.

एका मंगळवारी दुपारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. मूल ठणठणीत होते, पण रक्त थांबेना. होती ती एक पिशवी लावली. धनराजभाऊ मला काखेत मारून पळत आले आणि बाकावर बसून एकेक नंबर लावू लागले. सहा जणांचे फोन लागलेच नाहीत. पाच जण मात्र खरोखर धावत आले, हे मी नोंदवून ठेवते. गोपाल तर भातरोवणी सोडून चिखलाच्या पायांनी आला. बाही वर करून म्हणाला, "घ्या, किती पाह्यजे तितकं घ्या."

तपासणी झाली. तपासणाऱ्याने पाचही वेळा नुसती मान हलवली. कोणाचा गट कोणता, हे सांगायला त्याला सवड नव्हती. निगेटिव्ह एकही नाही.

"असं कसं?" प्रफुलने मला गोपालपुढे धरले. "तू इथी लिवलं हायेस ना?"

गोपालने त्या रेघांवर बोट ठेवले. "भाऊ... मी तालुक्याच्या रेघा मारून राह्यलो होतो. मले माहीतच नाई माहा गट कोनता."

चंद्रपूरला गाडी सोडली होतीच. पण जंगलातला तो रस्ता, त्यात पाऊस. पिशव्या दिवेलागणीला पोचल्या. दिव्यानी चार वाजताच गेली होती. तिच्या पानावर अकरा जण होते, मित्रांनो, आणि ते सगळे तिचीच सावली निघाले.

त्यानंतर मला शालींच्या आणि स्मृतिचिन्हांच्या ढिगाखाली टाकून दिले. दिवाळीपर्यंत कोणी हात लावला नाही. शरम वाटली की माणसे वही झाकतात.

पण स्नेहमिलन काही चुकले नाही. दोन मिनिटे उभे राहून झाले, रस्साही उकळला, आणि दाराशी मी, पेन आणि कुपने. रांग तशीच लांब. रांगेत सगळ्यात पुढे प्रफुल होता. कडेवर मुलगी, करिष्मा. त्याने जेवणाचे कुपन घेतले नाही. खिशातून दवाखान्याचा कागद काढला, तो समोर ठेवला आणि त्यात पाहून कोऱ्या पानावर मुलीचे नाव लिहिले. रक्तगट ओ निगेटिव्ह. आईचाच. मग त्याने मागे वळून रांगेकडे पाहिले. पेन ठेवला आणि निघून गेला.

मित्रांनो, वहीला लाज तुम्ही लिहाल तेवढीच. मला जपा, म्हणजे पुठ्ठा चढवा असे नाही. जे ठाऊक आहे तेच माझ्यात लिहा. दुसऱ्याच्या शब्दाखाली आपल्या रेघा ओढू नका. कोणीतरी त्या रेघांवर विश्वासून घरी राहते.

प्रफुलच्या मागे गोपालच होता. त्याने नाव लिहिले, वर्ष लिहिले, तालुक्याच्या रकान्यात अक्षर न् अक्षर काढून 'मुलचेरा' लिहिले. मोबाइल लिहिला. मग पाचव्या रकान्यावर त्याचा पेन थबकला. मागून कोणीतरी ओरडले, "चाल ना बे, रस्सा थंडा होऊन राह्यला!" शेवटी गोपालने पेन उचलला आणि, गट अजून ठाऊक नव्हता म्हणून, तो रकाना कोरा ठेवला.

त्या अकरा जणांपैकी कोणी त्या रकान्यात खरे लिहिलेले ते पहिलेच.