जम्बोचं दावं

"बाबा, तो फोन ठेवा न आता! आईले आत नेऊन राह्यले," रिना ओरडली.

सोमाजीनं फोन खिशात कोंबला आणि स्ट्रेचरमागे धावला. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात आज त्याच्या बायकोच्या पोटातली गाठ काढायची होती. रुखमाच्या बांगड्या सिस्टरनं काढून दिल्या होत्या. त्या त्यानं रुमालात बांधून घेतल्या होत्या.

"भेऊ नका," उलट रुखमाच त्याला म्हणाली. "अन तुमचं इमान गेलं का?"

"जाते थोड्या वेळानं. तू त्याची चिंता नको करू."

दार लागलं.

विमानाची गोष्ट अशी. घुग्घुसचा सोमाजी, छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वर्षी जन्मलेला, उभी हयात मुंबईला सरकारी विमान कंपनीत जम्बोच्या चाकांपाशी राबला. चार इंजिनांचं, डोक्यावर आणखी एक मजला असलेलं धूड ते! एकाहत्तर साली पहिलं आलं, त्याचं नावच सम्राट अशोक. खिडक्यांना राजवाड्यासारख्या महिरपी रंगवलेल्या. सोमाजीच्या बापानं पेपरातला फोटो कापून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली डकवला होता. सोमाजी नोकरीला लागण्याआधीच ते समुद्रात पडलं, पण त्याची भावंडं सोमाजीनं सांभाळली. विमान थांबलं की चाकाच्या पुढे-मागे ठोकळे लावायचे, निघताना काढायचे. दोन ठोकळे एका दोरीत बांधलेले. करोनाच्या साथीच्या वेळी चीनमध्ये अडकलेली पोरं जम्बोनंच आणली, तेव्हा निवृत्त सोमाजी गल्लीभर सांगत सुटला होता. पुढे सगळी जम्बो उभीच राहिली, विकली गेली. आज त्यातलं शेवटचं मुंबई सोडणार होतं, आणि ठोकळे काढणार होता गावचाच अंकुश, सोमाजीनं हाताखाली तयार केलेला.

आणि या शहाण्यानं काय करावं? ज्याच्या घरात बापाच्या वेळेपासून नवस, कौल, शकुन यांना थारा नाही, त्यानं सकाळी मनातल्या मनात बोलून टाकलं होतं: जम्बो उडालं, तर माझी रुखमा वाचेल. जीव टांगणीला लागला की माणूस कशालाही लोंबकळतो. त्याला लाज वाटत होती, पण मन काही मागे फिरत नव्हतं.

"काऊन सारखे घड्याळ पाहून राह्यले?" रिनानं विचारलं.

"ते उडालं पाह्यजे, पोरी."

"उडून जाईन कुठी? अमेरिकेत नेऊन तोडनार हायेत त्याले. मी मोबाईलवर वाचलं न."

बाप रे! म्हणजे बायकोचा जीव बांधला तो कोणाला, तर कापायला चाललेल्याला! आता बोललेलं परत कसं घ्यायचं? आणि एकदम त्याला आई आठवली. म्हातारा बैल बाजारात न्यायच्या सकाळी तिनं त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं होतं. बैल द्यावा, दावं देऊ नये. दावं घरी राहिलं की गोठा रिता होत नाही, असं ती म्हणायची.

त्यानं फोन लावला.

"अंकुश, ठोकळे काढले का रे?"

"आता काढाचेच हाये, भाऊ. वैनी कशी हाये?"

"आत नेलं. आयक माह्यं, त्या ठोकळ्याची दोरी सोडून घे. दावं देऊ नाई."

अंकुश शेतकऱ्याचंच पोर. तो हसला नाही. "ठोकळे त इथीच राह्यतेत, भाऊ. ते थोडीच संगं जाते?"

"तरी सोड! माह्या रुखमेसाठी सोड न, बापा!"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. रिनानं बापाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं त्याला बाकावर बसवलं.

मग नुसतं ते बंद दार. सोमाजीनं रुमालाची गाठ सोडली, बांगड्या चाचपल्या, पुन्हा बांधली. फोन वाजला तरी त्यानं उचलला नाही. उचलायची छातीच झाली नाही.

दार उघडलं. "गाठ निघाली. बाई ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. सोमाजी बांगड्यांचा रुमाल तोंडाशी धरून रडू लागला.

अंकुशनं पाठवलेला व्हिडिओ त्यानं संध्याकाळी पाहिला. जम्बो उडालं, वर गेल्यावर एक पंख खाली केला, मग दुसरा, आणि निघून गेलं. त्याला फार वाईट वाटलं. सकाळपासून तो रुखमासाठीच रडत होता. जम्बोसाठी रडायचं राहूनच गेलं होतं.

अंकुश सुटीवर आला तेव्हा दोरी घेऊन आला. रुखमा आता हिंडूफिरू लागली होती. तिनं ती दोरी अंगणात बांधली आणि बुद्धपौर्णिमेसाठी धुतलेलं पांढरं लुगडं तिच्यावर वाळत टाकलं. लुगड्यावर काळा तेलकट पट्टा उमटला.

"अवो, काय ही दळभद्री दोरी! कशाची हाये?"

"दावं हाये ते."

"अन बैल कुठी हाये मंग?"

"गेला," सोमाजी म्हणाला. त्यानं लुगडं काढून घेतलं आणि साबण घेऊन स्वतः धुवायला बसला. खूप घासलं, पण डाग जाईना. शेवटी रुखमानंच त्याच्या हातून लुगडं ओढून घेतलं.

पौर्णिमेला ती तेच नेसून विहारात गेली, डाग निऱ्यांत दडवून. सोमाजी तिच्या मागे मागे, हळू चालत गेला.