मोबाईल पाळीवर, सून पाण्यात

अमरनं व्हिएतनामची मुलगी करून आणली, ही बातमी अड्याळात त्याच्याआधी पोचली होती. जपानातल्या मासळीच्या कारखान्यात दोघं एकाच टेबलावर काम करायचे. मुलीचं नाव लिन. दुसऱ्याच दिवशी अमर बहिणीला आणायला भंडाऱ्याला निघाला आणि जाताना आईच्या, गोदावरीबाईच्या हाती मोबाईल देऊन गेला. बटन दाबायचं, बोलायचं, की तो व्हिएतनामीत सांगतो, एवढंच त्यानं शिकवलं.

सून दारात अवघडून उभी. बाईनं बटन दाबलं आणि मायेनं विचारलं, "कायले उभी रायली?"

मोबाईलला ऐकू आलं, 'काय लिहिली'. लिन धावत आत गेली आणि कागद-पेन घेऊन आली.

मग गोदावरीबाईनं शाळेतल्या मास्तरणीची बोली आठवली. घसा खाकरून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तू उभी का आहेस? बस." लिन हसली, बसली आणि मोबाईलमध्ये काहीतरी बोलली. आतून मराठी आलं, "मी लाजत होतो, आई." सुनेचा मुलगा झालेला पाहून गोदावरीबाईला हसू आवरेना. पण शेवटचा शब्द ऐकून तिचे डोळेही भरले.

दुपारी दोघी अमरच्या वडिलांचा, सुखरामचा डबा घेऊन गावामागच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर गेल्या. सुखराम कमरेएवढ्या पाण्यात होता. त्यानं नुकतंच जाळं फेकलं होतं आणि खाली काहीतरी मोठं उसळलं होतं. तो जाळं ओढणार, तोच पाळीवरून, बोडीच्या बांधावरून लिन ओरडू लागली. हात हलवून काय सांगते, कोणालाच कळेना. गोदावरीबाईनं घाईनं बटन दाबलं आणि मोबाईल तिच्या तोंडापाशी नेला.

मोबाईल बातम्या सांगितल्यासारखा शांतपणे बोलला, "ओढू नका, बाबा. मासा चिखलात लपला आहे. जाळ्याची कड पायांनी दाबा."

आता तेच गोदावरीबाईनं बोडीभर ऐकू जाईल असं आपल्या झाडी बोलीत सांगितलं, "अजी, ओढू नोका! चिखलात घुसला मासा. कड दाबून धरा पायानं."

सुखरामच्या कपाळाला आठी पडली, पण हात थांबले. लिननं चपला काढल्या, सलवार खोचली आणि सरळ पाण्यात उतरली. पायांनी चाचपत जाळ्यापाशी गेली, एकदम खाली वाकली, डोकंही पाण्यात गेलं. गोदावरीबाई पाळीच्या कडेपर्यंत धावली. लिन वर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत हातभर लांब मरळ वळवळत होती.

"का लोक," ती धापा टाकत म्हणाली. मोबाईलनं सांगितलं, सापाच्या डोक्याचा मासा.

"मरळ म्हण, बेटा," सुखराम म्हणाला. त्याची आठी केव्हाच मोडली होती.

"मरळ," लिन म्हणाली. गोदावरीबाईनंही 'का लोक' म्हणून पाहिलं आणि तिघंही हसत सुटले. एवढं कोणी शिकवलं, म्हणून बाईनं मोबाईलमधून विचारलं. आईनं, असं उत्तर आलं.

संध्याकाळी लिननं त्याच मोबाईलवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडची बाई हात नाचवत भराभर बोलू लागली. मोबाईल कॉलमध्ये गुंतलेला, त्यामुळे मराठीत सांगायला तोही नाही, आणि लिन दिवा लावायला उठलेली. गोदावरीबाईनं दोन्ही हातांनी मरळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरली आणि आपल्या झाडी बोलीतच सांगितलं, "तुमच्या पोरीनं पकडली, बाई."

तिकडच्या बाईनं आधी मासा पाहिला, मग पडद्याजवळ येऊन गोदावरीबाईचा चेहरा न्याहाळला, आणि मागे वळून घरातल्या सगळ्यांना हाका मारू लागली.